माझी थुंकी, दाजींचं नाव

३ नोव्हेंबर, सोम.
दाजी परत मोरीत थुंकले. पाणी टाकलं नाही. मी तांदूळ धुवायला बसलो तर नाकासमोर गोळा. हिरवा, मध्ये काळं. तांदूळ तसाच ठेवून बाहेर गेलो. बाहेर तरी काय आहे, गटार. शेजारणीने पोराला तिथंच बसवलेलं.
म्हटलं, दाजी पाणी टाकत जा. तर म्हणे, "मेव्हण्या, तुझ्या बहिणीनं बी कधी असं बोलून दाखवलं नाही मला."
ताई गावाकडे आहे, ती कशाला बोलेल. मोरी मी घासतो.
दोन महिने झाले खोकतायत. गाळ्यात सगळेच खोकतात म्हणा. दिवसभर दरवाजाच्या हँडलला बफ मारायचा, म्हणजे फिरत्या चाकावर घासायचं, पांढरं हँडल चकाचक होतं आणि आपण काळे. नाकातून काळं, कानातून काळं. चार वाजता शेठ गुळाचा एकेक खडा वाटतो. गुळाने धूळ पोटात उतरते म्हणे. दाजी माझाही खडा खातात. तरी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय.

४ नोव्हें.
गादी ओली. आमच्या दोघांत एक गादी. दिवसा त्याच गादीवर रात्रपाळीचे दोघे झोपतात. ती कधी थंड होतच नाही. आज एक जण म्हणाला, "गजानन, तुझे दाजी मुततात काय रे?"
घाम आहे. एवढा घाम कशाचा, थंडी पडायला लागली.
ही वसईजवळची, धानिवची खोली सोडायची. वापीला हँडलचंच काम आहे, आमच्या गावचा पांडू तिकडे लागलाय. पुणे सोडलं, भिवंडी सोडली, हे पण सोडायचं.

५ नोव्हें., बुध.
मागच्या गल्लीतल्या प्लेटिंगच्या गाळ्यात होता तो उंच माणूस मेला. टीबी. शेठची फाटली. सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत दारात उभा राहिला. "जिसको खाँसी है वो सरकारी रिपोर्ट लाओ. नहीं तो कल से गेट के बाहर."
बघत होता दाजींकडे.
दाजी हसले. "साहब, ये बफ का खाँसी है."
"तो रिपोर्ट में बफ लिखवाके लाओ."
सगळे हसले. मी पण. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

६ नोव्हें., गुरू.
सकाळी दाजींबरोबर सरकारी दवाखान्यात. लाइनीत सगळे एकमेकांच्या मानेवर खोकत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर पण थुंकलेलं. आणि वर लिहिलंय थुंकू नका.
टीबीच्या टेबलावर फिलोमिना मॅडम. इथल्याच, भुईगावच्या. मध्येच आईचा फोन आला तर त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, मला अर्धंच कळलं. पण आमच्याशी नीट मराठी. नीट आणि कडक.
"रात्री घाम येतो?"
"नाही."
"वजन उतरलं?"
"नाही." काट्यावर एकेचाळीस.
"घरात कोण कोण?"
"एकटाच."
मी मागेच उभा. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "आणि हा?"
"गाववाला आहे. वाट दाखवायला आला."
एक प्लास्टिकची डबी दिली. वर दाजींचं नाव, भगवान अमुक तमुक. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, छातीतून खोल खोकून काढायचं. "लाळ नको हां. नुसती लाळ आणलीस तर परत पाठवीन."

७ नोव्हें.
लिहायला नको वाटतंय पण लिहितो.
उठलो तर दाजी डबी हातात घेऊन उकिडवे बसलेले. म्हणाले, "गजा, तू थुंक."
"मी?"
"तुझी छाती घोड्याची. साफ निघंल. मला धूळ लागलीय नुसती, पण ह्या लोकांना काय, धुळीला बी टीबी म्हणतील. आन् काम गेलं तर तुझ्या ताईला काय सांगू?"
नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. मग त्यांनी परत ताईचं नाव काढलं आणि मी डबी घेतली. मोरीत वाकून खोकलो. पहिल्यांदा काही नाही. मग खोल खोकलो तर आलं. किती सहज आलं. एवढं माझ्या आत होतं हे मला माहीतच नव्हतं.
दाजींनी झाकण लावलं, पिशवीत घातलं आणि केस विंचरून दवाखान्यात गेले. लग्नाला निघाल्यासारखे.

१० नोव्हें., सोम.
दाजी दुपारी गाळ्यावर आले. कागद सुपरवायझरच्या हातात दिला. न वाचता दिला, एवढी खात्री. सुपरवायझरने वाचला आणि टेबलावर असा टाकला की जसा काही कागदच खोकणार आहे.
दहा मिनिटांत दाजी गेटबाहेर. त्यांचा फडका, त्यांचा मग, सगळं काठीने ढकलून बाहेर. त्यांची मशीन फिनेलने पुसली. माझी शेजारचीच मशीन, ती नाही पुसली. माझ्याकडे कुणी बघितलं पण नाही. चार वाजता मला दोन खडे गूळ मिळाला. दाजींचा उरलेला.
संध्याकाळी खोलीवर दाजी पाय पसरून बसलेले.
"तुझी थुंकी खराब निघाली."
मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.
"म्हटलं होतं ना, चांगली थुंक म्हणून." आणि रडायला लागले. मग खोकायला. मला समजेना, हा माणूस माझ्यासाठी रडतोय का कामासाठी.

११ नोव्हें., मंगळ.
दाजी गोळ्या घेऊन आले. सहा महिने रोज घ्यायच्या. उपाशीपोटी तीन. पाकीट माझ्यापुढे सरकवलं.
"तुझ्या आहेत. मला तर काई नाही."
म्हटलं, चला, दोघं जाऊन मॅडमला सांगू. दाजी एकदम उठून बसले. "सांग की. मग तुझं बी काम जाईल. दोघं बी गटारावर बसू. एकाचं तरी राहू दे."
खरं आहे. खरं आहे म्हणून जास्त राग येतो.
पाकिटाबरोबर कार्ड आहे. आठवीपर्यंत शिकलोय, तेवढं वाचता येतं. एकेचाळीस किलोला तीन. माझ्या वजनाला चार. मी तीन खाल्ल्या. दुसऱ्याच्या मापाचं औषध. चौथी काढली असती तर मोजताना हिशोब चुकला असता.

१३ नोव्हें., गुरू.
चाळीच्या संडासात गेलो. बावीस खोल्यांना तीन संडास, एकाला दार नाही. लघवी लाल. नारिंगी-लाल, रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखी. वाटलं, मेलो. पाणी ओतलं तरी भांड्याला रंग राहिला. मागून कुणीतरी दार वाजवत होतं. मग आठवलं, मॅडम दाजींना म्हणाल्या होत्या की गोळ्यांनी असं होतं, घाबरायचं नाही. दाजींनी ते मला कौतुकाने सांगितलं होतं. अर्धं सांगितलं, अर्धं विसरले असतील.
संडासातून बाहेर आलो तर शेजारचा काका म्हणे, "काय रे, आत झोपला का?"

१५ नोव्हें., शनि.
ताईचा फोन. महिनाअखेरीला येतेय, परीला घेऊन. परी दहा महिन्यांची झाली, दाजींनी तिला एकदाच बघितलंय. ताई म्हणते सासूच्या हाताखाली आता एक दिवस राहणार नाही. "ह्यांनी रूम बघून ठेवलीय म्हणे. कशी आहे रे? उजेड आहे का?"
दाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "ये ये. खिडकी बी आहे."
कसली खिडकी. कसली रूम.
फोन ठेवल्यावर म्हटलं, लेकराला इथं आणता? ह्या गादीवर? तर म्हणे, येऊ नको म्हटलं तर कारण सांगावं लागंल. ते त्यांच्या आईच्या कानावर गेलं की ती म्हणणार सून पांढऱ्या पायाची. पोरगी झाली आन् वर नवरा आजारी. "तुझ्याच बहिणीचे हाल होतील. सांगितलंस तर मी मेलो म्हणून समज."
सगळ्याला माझी बहीण पुढं करतात. थुंकायला पण तीच, गप्प बसायला पण तीच.

१७ नोव्हें., सोम.
मॅडम खोलीवर. मी कामाला निघत होतो तेवढ्यात स्कूटर गटाराच्या कडेला लावून आत आल्या. आत म्हणजे दारातच, आत जागा कुठे. रात्रपाळीचे दोघे गादीवर घोरत होते. मी डबा भरत होतो. दाजी चड्डीवर.
"एकटाच राहतोस ना तू?"
दाजी म्हणाले, पाहुणे आहेत.
मॅडमनी गोळ्या मोजल्या. बरोबर निघाल्या. मान हलवली. मग विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?"
मला सांगितलेलं स्वतःच विसरून दाजी छाती काढून म्हणाले, "एकदम साफ. पाण्यासारखी."
मी डब्याचं झाकण धरून तसाच. मॅडमनी हळू पाकीट खाली ठेवलं. "मग ह्या गोळ्या कोण खातंय? उंदीर?"
दाजी पँट शोधायला लागले.
"फेकतोस होय? कुठे फेकतोस, ह्या गटारात? बाबा, दोन दिवस घेतल्या, दोन दिवस सोडल्या असं केलंस ना, तर रोग हट्टी होतो. मग ह्या गोळ्यांना तो भीक घालत नाही. मग दुसऱ्या गोळ्या, मोठा इलाज, लांब काम. कळतंय का?" बोलत होत्या दाजींशी, कान माझे तापले.
आता रोज सकाळी दाजींनी दवाखान्यात जायचं आणि मॅडमसमोर गोळ्या गिळायच्या. पाकीट मॅडम घेऊन गेल्या. मला आणि त्या दोघांना एकेक डबी दिली. "सगळ्यांनी द्या थुंकी. आपापली."
आपापली म्हणताना माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. वाटलं असेल नुसतं.
दुपारपर्यंत रात्रपाळीचे दोघे बॅगा घेऊन गेले. त्यांच्या डब्या तशाच गादीवर.

१८ नोव्हें.
मी सहा दिवस खाल्ल्या. आता बंद. दाजी रोज मॅडमसमोर गिळतात. ज्याची तपासणी झाली त्याला गोळी नाही, ज्याला गोळी आहे त्याची तपासणी नाही. हे कुणाला सांगितलं तर हसेल. मला पण हसू येतं, मग खोकला येतो.

२१ नोव्हें., शुक्र.
दाजींनी टॉवेलमध्ये खोकलं आणि टॉवेल घडी करून ठेवला. मी उलगडला. रक्त. थोडं नाही.
"कधीपासून?"
"दिवाळीच्या आधीपासून. थोडं थोडं."
म्हणजे डबी माझ्या हातात दिली तेव्हा माहीत होतं. मी टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला. मारलंच असतं. पण काय मारू, हाडं नुसती. बरगड्या मोजता येतात.
मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गजा, म्हणजे मला बी आहे का रे?"
म्हटलं, तपासलंय कुठं तुम्हाला.
टॉवेल शेवटी मीच धुतला. दोन पाण्यांनी. हात साबणाने घासले तरी जेवताना वास येत होता. जेवलो नाही.

२४ नोव्हें., सोम.
अर्धी सुट्टी घेऊन दवाखान्यात गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. रस्त्याने वाक्य पाठ केलं, मॅडम ती थुंकी माझी होती. एवढंच.
मॅडम जेवत होत्या. "काय रे गाववाल्या?"
तोंडातून निघालं, "दाजी आज आले होते का गोळीला?"
"आला होता. उलटी केली, परत बसवून ठेवला अर्धा तास. तू डबी दिली नाहीस अजून."
"देतो."
पिशवीतून चार केळी काढून दिली. वाडीतली आहेत म्हणाल्या. "त्याला खायला घाल. तू पण खा. तुझं पण तोंड उतरलंय." आणि माझ्याकडे नीट बघत राहिल्या. विचारतील असं वाटलं. विचारलं असतं तर बोललो असतो. त्यांना पुढच्या माणसाने हाक मारली.
चारी केळी मी रस्त्यातच खाल्ली. एकही खोलीवर नेलं नाही. असा मी.

२६ नोव्हें., बुध.
जेवणाच्या सुट्टीत गाळ्याच्या मागे जाऊन ताईला फोन. तिथे भंगार आणि मुतारी.
"ताई, आत्ता नको येऊ."
"का?"
"रूमचं काम चालू आहे."
"कसलं काम? ह्यांनी तर तयार आहे म्हटलं."
"पुढच्या महिन्यात ये."
 मग आवाज बदलून म्हणाली, "गजू, खरं सांग. ह्यांनी तिकडं बाई ठेवली का?"
"नाही गं!"
"मग काय लपवतोस?"
बाई नाही, बाई नाही, एवढंच दहा वेळा म्हटलं. जितकं म्हटलं तितकी तिची खात्री होत गेली. परी मागे रडत होती. शेवटी म्हणाली, "आता तर येतेच. तिकीट काढलं. रविवारी सकाळी वसई फाट्यावर उतरते. बघते कोण आहे ती."
फोन ठेवल्यावर भिंतीला टेकलो. शर्टाला मुतारीची ओल लागली.

२८ नोव्हें., शुक्र.
संध्याकाळी अंग तापतं. तीन दिवस झाले. आज मशीनवर खोकलो तर सुपरवायझर वळला. मी गूळ तोंडात कोंबला आणि हसलो. गुळाने लाळ सुटली, लाळेबरोबर खोकला परत. गिळला. आत गिळला तो कुठे गेला असेल.
पांडूचा फोन, वापीला जागा आहे, सोमवारी ये. मी बॅग भरली. लिहून झालं की ही डायरी पण त्यात. तिकडे कुणी ओळखत नाही, भगवानचा मेव्हणा नाही, कुणाचा कुणी नाही. नवी गादी. पण गादी एकट्याची थोडीच असणार. कुणीतरी शेजारी असेलच, आणि मी रोज त्याच्या तोंडावर...
डबी अजून मोरीवरच्या फळीवर. रिकामी.

३० नोव्हें., रवि.
वसई फाटा. चहाच्या टपरीच्या मागे दगडावर बसून लिहितोय.
दाजी यायला निघाले होते. चाळीच्या तोंडापर्यंत आले आणि खांब धरून उभे राहिले. म्हणाले, "तू जा, तू घेऊन ये." मग, "तिला काई बोलू नको. मी बोलतो." बॅग बघितली खांद्यावर. काही विचारलं नाही.
इथे रस्त्याच्या ह्या बाजूला गावाकडच्या गाड्या येतात. समोरच्या बाजूला गुजरातला जाणाऱ्या. एक वापीची आली, माणसं भरली, गेली. मी उभा होतो. दुसरी आली. तेवढ्यात ताईची गाडी.
ताई उतरली. आधी माझ्यामागे बघितलं, ते नाहीत. मग परीला माझ्यापुढे धरली. "घे, मामा बघ, मामा." परीने दोन्ही हात पुढे केले. मला ओळखत पण नाही ती, तरी केले.
मी हात मागे घेतले. पाठीमागे नेऊन बांधले.
ताईचं तोंड एवढंसं झालं. "हात काळे आहेत म्हणून? होऊ दे काळी."
"नाही."
"मग?"
"ताई, मला टीबी आहे."
तोंडातून पहिल्यांदाच निघालं. बाजूला ट्रक ब्रेक मारत होता, मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल. गेलं होतं. परीला ओढून छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकली. सरकली ते बरं केलं. सरकली म्हणून मला रडू आलं.
मग सगळं सांगितलं. लांब उभं राहून, फडका तोंडाला धरून. डबीचं, गोळ्यांचं, टॉवेलचं. सरळ नाही सांगता आलं, मागचं पुढे झालं. तिने एकदाच विचारलं, "बाई नाही ना?" नाही म्हटलं. मग बराच वेळ परीच्या टोपीची नाडी बांधत राहिली. बांधलेलीच होती.
"आन् ह्यांना? ह्यांना पण आहे?"
"माहीत नाही."
"रक्त पडतंय आन् माहीत नाही म्हणतोस?"
"तपासलंच नाही. तपासलं ते माझं."
"अजून लपवतोस तू."
आता तिच्या पेटीवर माझ्याकडे पाठ करून बसलीय. परी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघतेय. तिने डोळे मिचकावले की मी पण मिचकावतो. एवढंच करता येतं.
खोलीवर नेऊ शकत नाही. परतीची गाडी संध्याकाळी. दवाखाना रविवारचा बंद. मॅडमचा नंबर दाजींच्या कार्डावर आहे, कार्ड दाजींच्या खिशात. दाजींना फोन केला, उचलत नाहीत.
रिक्षावाला तिसऱ्यांदा येऊन विचारून गेला, "धानिव? बसताय का?"
ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय सांगतो ते बघायला.